समोरच्या दारावरची एक दुपार

“हलू नकोस गं बाई, तुझा दोन अजून ओला आहे!”

मित्रांनो, या जगात माझ्या कानी पडलेला पहिला आवाज तो. आवाज रंगाऱ्याचा होता. मी त्याच्या मांडीवर वाऱ्याने थरथरत होते आणि तो मला दटावत होता, जशी न्हाऊ घातलेल्या लेकराला आई दटावते. त्याआधी मी एका तेलाच्या डब्याची एक बाजू होते. रंगाऱ्याने डबा कापला, पत्रा ठोकून सपाट केला, कुणाचं बोट कापू नये म्हणून कडा दुमडल्या. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मग काळ्या रंगाने आधी चार काढला, नंतर दोन. दोनाची शेपटी त्याने जरा लांब ओढली. “असू दे,” म्हणाला, “शेपटीवाली पाटी लांबून ओळखू येते.”

वीतभर लांब, चार बोटं रुंद, डाव्या कोपऱ्यात गंजलेली अशी मी बेचाळीस नंबरच्या घराची जुनी पाटी. मी जग फार पाहिलेलं नाही. पाटीला घराकडे पाठ करूनच आयुष्य काढावं लागतं. घरात काय शिजतं ते मला वासावरून कळतं आणि माणसाच्या मनात काय शिजतं ते, तो दारात येऊन बोलला तरच. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. नुसती घडली नाही, माझ्या साक्षीने घडली, आणि माझी साक्ष खोटी होती. तीच आज तुम्हाला सांगायची आहे. चांगुलपणाच्या गोष्टी सांगणाऱ्या पाट्या तुम्हाला दुसऱ्याही भेटतील.

आमची गल्ली उताराची. मधून गटार वाहतं. रुंदी एवढी, की दोन उघड्या छत्र्या एकमेकींना वाट देऊ शकत नाहीत. नंबर म्हणाल तर भांडण झालेल्या पोरांसारखे. बेचाळीसच्या शेजारी सात, सातच्या शेजारी एकशे तीन. घरं जशी उगवली तसे नंबर पडले. दोन स्क्रूंनी मला ज्या चौकटीवर बसवलं, तिच्याखाली ओट्यावर इस्त्रीचं टेबल होतं. घर होतं थोरलीचं. समोरच्या, पंधरा नंबरच्या घरात तिची पाठची बहीण राहायची, धाकटी. दोघी एकाच गल्लीत नांदायला आल्या, समोरासमोर.

थोरली कपड्यांना इस्त्री करून द्यायची. कोळशाची जड इस्त्री, तिचं झाकण उघडलं की माझ्या पोटाला ऊब लागायची. नवरा लवकर गेला होता. एकुलती एक लेक, तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरायची नाही. धाकटीचीही एकच लेक. ती हळू चालायची, हळू बोलायची, म्हणून गोगलगाय, आणि लाडाने गोगू. दोघी एका वयाच्या. एकीने फ्रॉक शिवला की दुसरीला उरलेल्या कापडाची झालर. संध्याकाळी गटाराच्या दोन काठांवर उभ्या राहून थोरलीच्या गिऱ्हाइकांच्या चादरी धरायच्या, ताणायच्या, टोकाला टोक जुळवायच्या. घडी घालताना भिंगरीच एक ओवी म्हणायची. तिचीच जुळवलेली:

चादरीची घडी बाई, दोघींनी उलगडावी,
मनातली घडी बाई, एकटीनं सांभाळावी.

गोगू नुसती हसायची. घडी मात्र तिचीच सुबक यायची.

दोघी एकोणीस वर्षांच्या झाल्या, त्या साली नगरपालिकेचा एक कागद नळाजवळच्या भिंतीवर लागला. किराणावाल्याने तो मोठ्याने वाचला. गरीब वस्त्यांभोवती नगरपालिकेने एक रेघ आखली आहे. रेघेच्या आतल्या घरांतून जो कारखानदार माणसं कामाला घेईल, त्याला नगरपालिकेच्या करात सवलत मिळेल, दहा वर्षं. एका दारामागे एकच माणूस मोजला जाईल, म्हणजे कुणा एकाच्याच घरात सगळं जायला नको.

“मालक लोक धर्म करायला निघालेत होय?” सात नंबरवाली म्हणाली.

“त्यांचा कर वाचतो म्हणून करतायत,” किराणावाला म्हणाला. “वाचू दे की. त्यांचा कर वाचला तर तुमची चूल पेटते. कुणाचं काय गेलं?”

मग सगळ्यांनी नकाशा पाहिला. ती रेघ नेमकी आमच्या गटारावरून गेली होती.

“म्हणजे गटाराच्या त्या अंगाला गरीब,” धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आणि या अंगाला आम्ही कोण?”

“तुम्ही श्रीमंत, वहिनी. नगरपालिकेचा शिक्का बसला.”

थोरली टेबलामागून ओरडली, “शेठाणी, मग वाटीभर साखर द्या की! चहाला नाही आज.”

“देते ना. नोकराच्या हाती पाठवते.”

गल्ली खो खो हसली. मीही हसले असते. पण हसणं ओसरल्यावर धाकटी आत गेली तेव्हा तिचे खांदे पडले होते, हे मी समोरून पाहिलं. तिचा नवरा गवंडी. दोन वर्षांपूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. त्या घराला त्या कागदाची गरज आमच्यापेक्षा जास्त होती, आणि कागद म्हणत होता, तुम्ही रेघेबाहेर.

हमरस्त्यावर धुलाईचा कारखाना होता. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे ट्रकने यायच्या. तिथे माणसं घेणार होते. भिंगरीने फाटकातून आतलं यंत्र पाहिलं होतं, वाफेवर तापणारा लांबलचक रूळ. एका बाजूने चुरगळलेली चादर आत जाते, दुसऱ्या बाजूने कोऱ्या कागदासारखी बाहेर येते. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. “आई, तू दिवसभरात करतेस तेवढं काम तो पाच मिनिटांत करतो गं! मी शिकणार. मी त्या रुळावर उभी राहणार.” तिने फॉर्म भरला. इतक्या सुरेख अक्षरात, की रंगाऱ्याने पाहिलं असतं तर तिला कामाला ठेवलं असतं. रकान्यात घर नंबर बेचाळीस लिहिताना तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी माझ्या पत्र्याला जी धन्यता वाटली, ती पुन्हा कधी वाटली नाही.

थोरली कोळसा आणायला त्याच बाजूला जाणार होती. “दे माझ्याकडे,” ती म्हणाली. “टाकते कारखान्याच्या पेटीत.”

भिंगरी धुतलेले कपडे गोळा करायला गेली. थोरली ओट्यावर फॉर्म हातात धरून उभी राहिली. किती वेळ उभी होती, ते मला सांगता येत नाही. मग तिने इस्त्रीचं झाकण उघडलं, फॉर्मची चार पदरी घडी केली, निखाऱ्यांवर ठेवली आणि झाकण लावलं. झाकणाच्या भोकांतून धूर आला, तो सरळ माझ्या अंगावर. त्याचा पिवळा डाग माझ्या चारावर बरीच वर्षं होता.

तिने असं का केलं, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

तिने हात पुसले, गटार ओलांडलं आणि बहिणीला हाक मारली. “गोगूचा फॉर्म भर. घर नंबर माझा घाल.”

“आणि भिंगरी?”

“तिला नको म्हणते. तिला माझ्याजवळच राहायचंय. तुझ्या पोरीसाठी सोडलं म्हण हवं तर. पण तिच्यापुढे चुकूनसुद्धा विषय काढू नका. कुणी आभार मानले की ती अवघडते.”

धाकटीने तिचे दोन्ही हात धरले. “ताई,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. थोरलीने हात सोडवून घेतले, जरा घाईनेच.

फॉर्म आला की नगरपालिकेचा तपासनीस घर पाहायला यायचा. फॉर्मात घरात कोण कोण, ते लिहिलेलं असे आणि तेवढी माणसं त्याला दिसायला हवीत. गोगूच्या वडिलांना उचलून इकडे आणणं शक्य नव्हतं. पण मला उचलणं शक्य होतं.

तपासनीस येणार त्या दिवशी सकाळी थोरलीने भिंगरीला पुलापलीकडे पाठवलं, एका मास्तरीणबाईंचं गाठोडं पोचवायला. खरं तर ते गाठोडं परवा द्यायचं होतं. भिंगरी विचारत होती, “आज तपासनीस यायचा तर नाही ना?” थोरली म्हणाली, “आला तर संध्याकाळी येईल. जा, रमतगमत जा.” ती वळणाआड झाल्यावर थोरली स्टुलावर चढली. चमच्याच्या टोकाने तिने माझे स्क्रू काढले. मी पदराखालून गेले आणि पहिल्यांदा आमचं घर समोरून पाहिलं. मी गेले त्या जागी चौकटीवर फिकट चौकोन उरला होता. त्यावर तिने गिऱ्हाइकाचा सदरा वाळत घातला.

मित्रांनो, पाटीचा धर्म एकच. जिथे लावली, तिथलं सांगावं. त्या दुपारी मी पंधरा नंबरच्या दारावर, त्यांची पाटी उतरवून रिकाम्या केलेल्या जागी, उभी राहून बेचाळीस, बेचाळीस म्हणत राहिले. तपासनीस आला. घामेजलेला, सज्जन माणूस. आमच्या गल्लीत सातच्या शेजारी एकशे तीन पाहून तो आधीच हरला होता. त्याने माझ्या दोनाच्या शेपटीवरून बोट फिरवलं, यादीत खूण केली, आत डोकावून गोगूच्या वडिलांना म्हणाला, “बरे व्हा, आजोबा.” तो माणूस चाळिशीचाही नव्हता. मी त्या क्षणी दारावरून निखळून पडले असते तर? स्क्रू सैलच होते. जोराचा वारा आला होता, मी खडखडले, पण पडले नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

संध्याकाळच्या आत मी परत माझ्या जागी आले. तेवढ्यात भिंगरी धावत आली. तिला उशीर झाला होता. परतताना ती धुलाई कारखान्याच्या फाटकाशी थांबली होती, तोच रूळ बघत. पाऊण तास.

“आई, आला का गं तो?”

थोरली सदऱ्यावर इस्त्री फिरवत होती. वर न बघता म्हणाली, “येऊन गेला. दोनदा तुझं नाव पुकारलं त्याने. तू नव्हतीस.”

भिंगरी ओट्यावर मटकन बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, “मी कशाला थांबले गं तिथे?”

गोगू कामावर लागली. निळा कोट मिळाला, पायात बूट. भिंगरीने विचारलं, तू कशी, तुमचं घर तर रेघेबाहेर? गोगू खाली बघत म्हणाली, बाबांच्या आजारपणामुळे घेतलं. हे उत्तर तिला थोरलीनेच शिकवलं होतं, आणि गोगूला वाटलं, आभार टाळायलाच भिंगरी काही ठाऊक नसल्यासारखं विचारतेय.

मी कुणाला नावं ठेवत नाही. योजना वाईट नव्हती. आमच्या अंगाच्या किती घरांत तिने उजेड आणला! सात नंबरवालीचा मुलगा बाटल्यांच्या कारखान्यात लागला, तिने घरात फरशी बसवली आणि आठ दिवस कुणाला चपला घालून आत येऊ दिलं नाही. धाकटीच्या घरी वडिलांसाठी चाकाची खुर्ची आली. ती आमच्या ओट्यावर यायची, पदराने मला पुसायची आणि म्हणायची, “ही पाटी नव्हे ताई, सोनं आहे.” मित्रांनो, स्तुती सगळ्यांना आवडते. मला मात्र तिच्या पदराचा चटका बसायचा. थोरली अशा वेळी हटकून आत जायची, काहीतरी उतू चाललंय म्हणून. चुलीवर बहुतेक वेळा काही नसायचं.

आणि भिंगरी? तिचं नाव तेवढं भिंगरीच राहिलं. पाय तर अजून वेगाने चालायचे. पण ती कुठे थांबायची नाही. गाठोडं घेऊन गेली की तडक परत. रस्त्यात कुणी मैत्रीण भेटली, “अगं बघ तरी, नवं दुकान उघडलंय,” तर हिचं आपलं एकच, “नको बाई, उशीर होईल.” दहा वर्षं मी तिला कुठे घटकाभर रेंगाळताना पाहिलं नाही. ओवीही बंद झाली. गोगू सुट्टीच्या दिवशी काहीबाही घेऊन यायची, वासाचा साबण, कधी केसांना पिना. भिंगरी घ्यायची आणि ती गेली की फळीवर ठेवून द्यायची. “कीव करते माझी,” म्हणायची. गोगू उपकार फेडत होती, भिंगरीला ती भीक वाटत होती, आणि दोघींच्या मध्ये एवढंसं गटार वाहत होतं.

मी काळवंडत गेले. इस्त्रीच्या धुराने पांढरा रंग पिवळा झाला, कोपरा गंजला, पाठीमागे गांधीलमाशीने घर केलं. कुणी माझ्याकडे बघेना. मला ते बरंच वाटलं. थोरलीचा उजवा खांदा धरला, इस्त्री उचलेना. आता सगळं काम भिंगरी करायची. थोरली स्टुलावर बसून तिच्याशी बोलत राहायची. सकाळपासून दिवे लागेपर्यंत, कशाबद्दलही.

मागच्या महिन्यात योजनेची दहा वर्षं भरत आली. नगरपालिकेने सगळे पत्ते पुन्हा तपासायला घेतले. जिथे पत्ता खोटा निघेल, तिथे मालकाने सवलत परत करायची, आणि त्या माणसाचं काम गेलं. सुट्टीचा दिवस होता. फाइल काखेत धरून एक तपासणीबाई उतार उतरत आली, माझ्यासमोर थांबली आणि चष्मा वर सारून माझा नंबर वाचला.

“धुलाई कारखान्यात घडी विभागाच्या मुकादम आहेत, त्यांचं घर हेच ना? वडील अंथरुणाला असतात?”

भिंगरी इस्त्री धरून उभी होती. तिने बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बऱ्याच वर्षांनी. मग समोर. समोरच्या दारात गोगू केस पुसत उभी होती, ती जागच्या जागी थिजली. तिच्यामागून खुर्चीच्या चाकांचा आवाज आला.

“बोला ना. इथेच राहतात का त्या?”

भिंगरीने इस्त्री ठेवली.

“हो,” ती म्हणाली. “इथेच राहते. समोर मावशीकडे केस धुवायला गेलीय. बाबाही तिकडेच बसलेत, उन्हाला.”

बाईंनी खूण केली. गोगूकडे बघून मान हलवली आणि एकशे तीन शोधायला चढ चढून गेल्या.

मित्रांनो, इथेच मी तुम्हाला माझी विनंती सांगून घेते, कारण यापुढे बोलायचा अधिकार माझा नाही. तुमच्या दारावर माझ्यासारखी कुणी असेल तर तिला अधूनमधून पुसा, सैल झालेला स्क्रू आवळा. पण खोटं बोलायला तिला दाराबाहेर काढू नका. गरज असलेल्या माणसासाठी रेघ चुकली असेल तर रेघ आखणाऱ्याला जाऊन सांगा. आणि कुणाच्या वाटचं काही तुम्ही घेतलं असेल, ते परत देता येत नसेल, तर निदान त्या माणसाला सांगा. लवकर सांगा. न सांगितलेली गोष्ट गंजते, आणि तिचा गंज दुसऱ्याच्या अंगावर चढतो. हे मी पत्र्याच्या अनुभवाने बोलते आहे.

तर बाई वळणाआड झाल्या. भिंगरी ओट्यावरून उतरली, गटाराच्या काठाशी गेली.

“आमच्या नंबरावर लागलीस तू?” ती म्हणाली. “चोरलात? तोंडाने मागितला असतात तर दिला नसता का मी?”

गोगूने आईकडे पाहिलं. धाकटीने गोगूकडे.

“चोरला?” गोगू हळूच म्हणाली. ती नेहमीच हळू बोलायची, पण त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक दार ऐकत होतं. “तूच दिलास ना, भिंगरे? तुला नको होतं ना काम? मी दहा वर्षं... मी तुझे आभारसुद्धा मानले नाहीत. तू अवघडतेस म्हणून.”

“मी दिला? मला नको होतं?”

मग त्या तिघींनी एकदमच मान वळवून ओट्याकडे पाहिलं. थोरली स्टुलावरून उठली होती. चौकटीचा आधार घेताना तिचा डावा हात माझ्यावर पडला.

“तिच्यावर डोळे काढू नकोस,” ती लेकीला म्हणाली. “त्यांना खरं काही ठाऊक नाही. तुझा फॉर्म मी जाळला, याच इस्त्रीत. पाटीही मीच नेऊन दिली. तपासनीस तुझ्यासाठी आलाच नव्हता, भिंगरे. तुझं नाव कुणी पुकारलं नाही.”

भिंगरीने टेबलावरच्या इस्त्रीकडे पाहिलं.

“तू थांबलीस म्हणून काही गेलं नाही, पोरी. दिवसभर थांबली असतीस तरी चाललं असतं. तुला लांब मीच धाडलं होतं.” थोरलीने पदराचं टोक तोंडाशी नेलं, मग खाली सोडलं. “बहिणीसाठी केलं, असं सगळ्यांना वाटू दिलं मी. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण तसं नव्हतं. तू त्या रुळावर गेलीस तर दिवसभर मी कुणाशी बोलू, एवढीच भीती वाटली मला. दुसरं काही नव्हतं गं. एवढंच होतं.”